सांग त्यांना, मी विसरले

खापरोळ्यांचं पीठ काही केल्या फुगत नव्हतं, आणि त्या दिवशी आमच्या घरात जे जे बिघडलं त्याची सुरुवात मला तरी तिथूनच आठवते. आईने तांदूळ, उडीदडाळ, पोहे आणि मेथ्या भिजवून, वाटून दीड दिवस होऊन गेला होता. तेव्हापासून ते पिवळट पीठ भरलेलं पातेलं घरभर फिरत होतं. आधी ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं, मग बेडरूममधल्या हीटरजवळ, मग बाबांच्या जुन्या लोकरी स्वेटरात गुंडाळून बाथरूममध्ये. तासातासाला आई झाकण उघडायची, डाव घालून बघायची, वास घ्यायची आणि "मेलं दगडासारखं बसलंय" म्हणत झाकण आपटायची. माझा सात वर्षांचा भाऊ ओम नाक दाबून "मामा, एस श्टिंक्ट!" असं ओरडत बाथरूमच्या दारात उभा राहायचा. आई, घाण वास येतोय, एवढं मराठीत सांगता येत नव्हतं असं नाही त्याला. सांगायचं नव्हतं.

आम्ही तेव्हा जर्मनीत झिंडेलफिंगेनला एका लहानशा बिल्डिंगमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर राहत होतो. एका मजल्यावर एक बिऱ्हाड, अशी तीन बिऱ्हाडं. बाबा गाड्यांच्या कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम करत. आई चिंचवडला असताना शाळेत गणित शिकवायची. इथे तिच्या बी.एड.च्या कागदांना कुणी विचारत नव्हतं, म्हणून ती एका शाळेच्या खानावळीत मुलांना जेवण वाढायची. कागदपत्रांची, डॉक्टरांची, शाळेची सगळी बोलणी माझ्यामार्फत व्हायची. मी पंधरा वर्षांची होते आणि चार वर्षांत माझं जर्मन इतकं सुधारलं होतं की फोनवर लोक मला इथलीच समजत. आईला जर्मन समजायचं बरंचसं, पण बोलायला गेली की तिची जीभ अडायची. मग ती माझ्याकडे बघून म्हणायची, "सांग त्यांना." हे दोन शब्द मी त्या काळात इतक्या वेळा ऐकले की आजही कुणी ते म्हणालं की माझी मान आपोआप वर होते.

त्या नाताळात बाबा घरी नव्हते. पुण्याला आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, म्हणून ते आठवड्यापूर्वीच गेले होते. आणि नेमकं याच वर्षी आईने पंचवीस तारखेच्या सकाळी सगळ्या बिल्डिंगला आमच्याकडे नाश्त्याला बोलावलं होतं. सगळी बिल्डिंग म्हणजे तळमजल्यावरच्या फ्राऊ हाउग आणि पहिल्या मजल्यावरचे ब्रेनर नवराबायको. फ्राऊ हाउग सत्तरी ओलांडलेल्या विधवा बाई. दाराबाहेर चपला ठेवू नका, रविवारी मशीन लावू नका, फोडणीचा वास जिन्यात येतो, अशा चिठ्ठ्या त्या आमच्या पत्रपेटीत टाकायच्या. चिठ्ठीखाली 'स्नेहपूर्वक' लिहून पूर्ण सही करायच्या. बाबा त्या वाचून हसायचे. आई हसायची नाही. तिने त्या सगळ्या एका पाकिटात जपून ठेवल्या होत्या, कशासाठी ते देव जाणे.

"सगळं आदल्या दिवशी करून ठेवायचं," आईने मला चार दिवस आधीच बजावलं होतं. "सकाळी फक्त गरम करायचं आणि वाढायचं. मला त्यांच्यासोबत बसायचंय, कळलं? गॅसपाशी उभी राहून नाही. बसून बोलायचंय."

"कोणत्या भाषेत?" मी विचारलं होतं. हा प्रश्न विचारणारी मी मला आता आवडत नाही, पण तेव्हा तो मला फार हुशारीचा वाटला होता.

आई मालवणची. तिच्या माहेरी खापरोळ्या म्हणजे मोठा बेत. जाड, जाळीदार, मऊ खापरोळ्या नारळाच्या दुधात बुडवून खायच्या; त्या दुधात गूळ आणि वेलची. सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ, पाहुण्यांसाठी निम्म्या तिखटाची. आणि ताटात एक तरी ओळखीचा पदार्थ असावा म्हणून वेणीसारखा विणलेला जर्मन गोड पाव, हेफेत्सॉप्फ. तो माझ्याकडे होता. आता गंमत अशी की माझ्या पावाच्या कणकेलाही ऊब हवी होती आणि आईच्या पिठालाही, आणि ओव्हन एकच. चोवीस तारखेच्या सकाळी आम्ही दोघी त्या ओव्हनपुढे शब्दशः भांडत होतो.

"तुझा पाव दोन तासांत फुगेल, हीटरवर ठेव की!"

"रेसिपीत ओव्हन लिहिलंय, आई."

"रेसिपी! माझ्या आजीने रेसिपी वाचून केल्या होत्या का खापरोळ्या?"

"मग तुझ्या आजीकडे हिमवर्षाव होत होता का?"

बाहेर खरोखरच तसा बर्फ पडत होता. झिंडेलफिंगेनला बर्फ म्हणजे एरवी एक दिवस पांढरं आणि दुसऱ्या दिवशी राखाडी चिखल. पण त्या वेळी आदल्या संध्याकाळपासून तो थांबलाच नव्हता. खिडकीतून समोरच्या घराची कौलं दिसत नव्हती, गाड्यांचे नुसते उंचवटे झाले होते. आणि त्या आठवड्यात केअरवोखे आमची होती. या भागात राहिलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक बिऱ्हाडाने पाळीपाळीने एक आठवडा जिना पुसायचा, अंगण झाडायचं. थंडीत फाटकापासून दारापर्यंतचा बर्फ काढायचा आणि पायऱ्यांवर बारीक खडी टाकायची, म्हणजे कुणी घसरू नये. ज्यांची पाळी त्यांच्या दाराला एक लाकडी पाटी अडकवलेली असते. आई सकाळी साडेसहाला फावडं घेऊन खाली गेली होती. परत आली तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ होता आणि नाक लालभडक. "एवढं काढलं, मागे वळून बघते तर पुन्हा तेवढंच," ती म्हणाली आणि तशीच वाटाण्यांच्या कुकरकडे वळली.

मला मात्र टेकडीवर जायचं होतं. वर्गातली लेना आणि बाकीच्या मुली घसरगाड्या घेऊन गावामागच्या उतारावर जमणार होत्या. दुपारनंतर प्रत्येकीच्या घरी नाताळची संध्याकाळ सुरू होणार, म्हणजे जे काय ते दोनच्या आत. मी आठपासून विचारत होते. आई म्हणायची, उसळ होऊ दे. मग, नारळाचं दूध काढून होऊ दे. मग, ओमला आंघोळ घाल. फोनवर लेनाचे फोटो येत होते आणि मी ओमच्या डोक्यावर शॅम्पू घासत होते, इतक्या जोरात की तो रडला.

अकराच्या सुमाराला बाबांचा व्हिडिओ कॉल आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होते, दाढी वाढलेली. आजोबा शुद्धीवर आहेत म्हणाले. मग म्हणाले, "अगं, बर्फ किती दिसतोय खिडकीतून! केअरवोखे आपलीच ना? खडी टाकत राहा बरं. कुणी पडलं तर आपल्या गळ्यात येईल."

"अहो, मी काय झोपलेय का इथे?" आई म्हणाली. "सकाळी फावडं घेऊन मीच होते ना? इथे पीठ येत नाहीये, ओव्हनवरून ही पोरगी डोकं खातेय, आणि तुम्ही तिकडून खडी टाका सांगताय."

आईने फोन ठेवला आणि पदराला, म्हणजे ॲप्रनलाच, डोळे पुसले. ते मला दिसलं होतं. मी दिसलं नाही असं दाखवलं.

बारा वाजता तिने मला खाली पाठवलं. "दारापासून फाटकापर्यंत काढ आणि पायऱ्यांवर खडी टाक. मग जा तुझ्या टेकडीवर." शेवटी एकदाची सुटका म्हणून मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. पंधरा मिनिटं मी फावडं मारलं. हातमोजे ओले झाले. खडीची बादली तळघरात होती आणि तळघराची किल्ली वर, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. वर गेले की आई आणखी एक काम सांगणार, याची मला खात्री होती. तेवढ्यात फाटकाशी लेना आली, दोरीने गाडी ओढत.

"येतेस का? अर्धा तास तरी ये."

मी पायऱ्यांकडे बघितलं. बर्फ काढलेला होता. खालचा दगड ओला, काळा दिसत होता. त्यावर पातळ काच धरायला लागली होती, तीही दिसली. मी खोटं कशाला बोलू, ती मला दिसली होती. आल्यावर टाकू, असं म्हणून मी फावडं भिंतीला टेकवलं आणि गेले.

अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. परत आले तेव्हा आई नारळाचं दूध गाळत होती. तिने मागे न वळता विचारलं, "खडी टाकलीस ना?"

"हो."

हे 'हो' मी का म्हणाले, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आत्ता जाऊन टाकते, एवढंच म्हणायचं होतं. पण मग आई म्हणाली असती, म्हणजे टाकलीच नव्हती? आणि ते ऐकायची त्या दिवशी माझी तयारी नव्हती. गुपचूप किल्ली घेऊन पुन्हा खाली जाईन असं मनात होतं. मग मला माझी कणीक फुगलेली दिसली आणि मी वेणी घालायला बसले.

फ्राऊ हाउग पडल्या तेव्हा तीन वाजले असतील. त्या चर्चला निघाल्या होत्या. आधी नुसता धप्प आवाज आला, बर्फाची लादी कौलावरून पडावी तसा. मग खालून कुणीतरी ओरडलं. आई जशी होती तशी धावली, घरातल्या स्लीपरवर, हाताला नारळाचा चोथा लागलेला. मी मागे. फ्राऊ हाउग शेवटच्या पायरीखाली आडव्या पडल्या होत्या, टोपी लांब उडालेली, भुवईतून रक्त येत होतं आणि उजवा हात मनगटाशी नको तिथे वळलेला. आई तिथेच बर्फात बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ॲप्रन भुवईवर दाबून धरला. "ठीक होईल, ठीक होईल," असं ती मराठीतच म्हणत राहिली. फ्राऊ हाउग तिचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरून होत्या.

हेर ब्रेनरनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. गाडीतल्या माणसांनी बाईंना स्ट्रेचरवर घेतलं, दिवा फिरवत गाडी वळणावरून गेली. मग हेर ब्रेनर पायऱ्यांपाशी वाकले, दगडावर हात फिरवला आणि सरळ उभे राहिले.

"इथे खडी टाकलेली नाही," ते म्हणाले. "पाळी कुणाची आहे?" या आठवड्यात पाटी आमच्या दाराला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आई उभी राहिली. तिचे गुडघे ओले होते. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात तिला सगळं कळलंय हे मला कळलं. मग ती मराठीत म्हणाली, एकेक शब्द सुटा करून:

"सांग त्यांना, खडी टाकायचं काम माझं होतं. मी विसरले."

हेर ब्रेनर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मागे त्यांची बायको, ओठ आवळून. ओम दारात, बूट न घालता. मला वाटतं दोन क्षण गेले असतील. "माइने मुटर झाक्ट, झी हाट एस फेर्गेसन," मी म्हणाले. आई म्हणते, ती विसरली. स्वच्छ उच्चारात, क्रियापद अगदी शेवटी, जिथल्या तिथे.

"असं," हेर ब्रेनर म्हणाले. "मग उद्याचा नाश्ता राहू द्या." आणि बायकोला घेऊन आत गेले.

आम्ही वर आलो तर बाथरूममध्ये पीठ उतू गेलं होतं. इतका वेळ न हललेलं ते पीठ त्या अर्ध्या-पाऊण तासात झाकण ढकलून, बाबांच्या स्वेटरातून पाझरून फरशीभर पसरलं होतं. गुडघ्यावर बसून आईने ते पुसलं, स्वेटर टबात टाकला आणि उरलेल्या पिठाच्या खापरोळ्या घालायला तव्यापाशी उभी राहिली. तिला मी म्हटलं, आता कशाला करतेस, कुणी येणार नाही. तिने ऐकलंच नाही. एक खापरोळी, झाकण, दुसरी खापरोळी, झाकण. बिडाच्या तव्यावर तेलाचा चर्र आवाज होत होता आणि समोरच्या घरांमध्ये नाताळच्या झाडांवरचे दिवे लागत होते. बारा-पंधरा झाल्यावर माझा धीर सुटला.

"तू का म्हणालीस तसं? मी सांगितलं होतं का तुला? आता सगळे तुलाच नावं ठेवणार!"

"ठेवू देत. मला सवय आहे."

"मग माझ्यावर उपकार केलेस का?"

तिने गॅस बारीक केला. वळली. "उपकार नाही. मला वाटलं, तू ते सांगणार नाहीस. मी म्हणेन एक आणि तू सांगशील खरं काय ते. त्या माणसाला मराठी थोडंच येतं? तोंड तुझं होतं, सायली. तू मला एका शब्दानेही अडवलं नाहीस."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला लाज वाटली असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण त्या संध्याकाळी मला आला होता तो राग. आईचा राग, बर्फाचा, त्या पाटीचा, आजोबांच्या ऑपरेशनवाल्या दवाखान्याचा. माणसाने आपल्याला वाचवायला जावं आणि वर त्यात परीक्षाही घ्यावी, हे मला कपट वाटलं. हा राग पूर्णपणे चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. माझ्या स्वतःच्या मुलीशी मी तसं करणार नाही. पण मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, तेही मला सांगता येत नाही.

सकाळी उठले तेव्हा स्टीलचा डबा भरलेला होता. खालच्या पुडात खापरोळ्या, मधल्यात नारळाचं गोड दूध, वरच्यात उसळ. माझ्या पावाचे चार तुकडे फॉइलमध्ये. पायऱ्यांवर खडी होती; आई पहाटेच टाकून आली होती. डोक्याला मार लागला म्हणून फ्राऊ हाउगना दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशी बस तासाला एक, तीही येईना, म्हणून आम्ही तिघं चालतच निघालो, ओम आईचं बोट धरून, मी डबा घेऊन. पाऊण तास लागला. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये आई फक्त एवढंच म्हणाली, "आज मी तुला काही सांगायला सांगणार नाही."

फ्राऊ हाउग उशाला टेकून बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये, भुवईवर टाके. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि सांगून टाकलं. बर्फ मी काढला, खडी मी टाकली नाही, बर्फ धरतोय हे मला दिसलं होतं, मी टेकडीवर गेले, आणि आई विसरली नव्हती. माझं चांगलं जर्मन कुठे गेलं कोण जाणे, मी दोनदा अडखळले.

त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर सरळ करून ठेवला. "मग तुझी आई तसं का म्हणाली?"

"माझ्यासाठी."

"मूर्खपणा," त्या म्हणाल्या. मग आईकडे वळून, हळू, तिला कळेल अशा बेताने: "फ्राऊ सावंत, तो मूर्खपणा होता."

"या," आई म्हणाली. हो. आणि दोघींनी एकमेकींकडे अशी मान हलवली की जणू मी त्या खोलीत नव्हतेच. पण फ्राऊ हाउगनी मला काही माफबिफ केलं नाही. मी दमलेय, म्हणाल्या, डबा तिथे ठेवा. आम्ही ठेवला आणि निघालो. पंधरा दिवसांनी तो डबा घासून पुसून आमच्या पायपुसण्यावर ठेवलेला मिळाला. चिठ्ठी नव्हती. त्यांनी खाल्लं की टाकून दिलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही आणि आईने विचारलं नाही.

दवाखान्यातून परत आल्यावर मी पहिल्या मजल्यावर थांबले आणि बेल वाजवली. आई ओमला घेऊन सरळ वर गेली. हेर ब्रेनरनी सगळं ऐकून घेतलं. आतून भाजलेल्या बदकाचा वास येत होता. "बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले, आणि लगेच बाहेर बघून, "पुन्हा पडायला लागलाय. फावडं कुठे आहे ठाऊक आहे ना?" त्या आठवड्याचा उरलेला बर्फ मी काढला, आणि फ्राऊ हाउगचा हात जुळेपर्यंत त्यांच्या पाळीचाही. त्या खिडकीतून बघत असायच्या. एखाद्या कोपऱ्यात खडी कमी पडली की काचेवर टकटक करायच्या.

पण माझ्या लेखी खरा बदल झाला तो वेगळाच. नाताळानंतर आईने संध्याकाळच्या जर्मन वर्गात नाव घातलं. घरात तोंडाने धातू चालवत पोळ्या लाटायची. ओम तिच्या चुका काढायचा, ती त्याच्याकडून दहादा म्हणवून घ्यायची. ओमच्या शाळेतून फोन आला की आधी ती धावायची. मी हात पुढे केला तरी फोन द्यायची नाही. बाबा परत आल्यावर त्यांना हे सगळं विचित्र वाटलं. उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या बी.एड.च्या कागदांसाठी तिला शिक्षण खात्याच्या कचेरीत बोलावलं, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम सोबत पाठवलं. "तू हो पुढे," ते मला हळूच म्हणाले.

कचेरीतल्या बाई तरुण होत्या, समजूतदार होत्या. आईचं दुसरंच वाक्य अडकलं तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुलगी भाषांतर करेल का? सोपं जाईल."

"नाइन," आई म्हणाली. नाही. "मी बोलणार."

आणि ती बोलली. घाम पुसत, लिंगं चुकवत, एकेका वाक्याला दोन-दोनदा मागे जाऊन. अकरा वर्षांचा शिकवण्याचा अनुभव आहे, असं तिला सांगायचं होतं. 'अनुभव' तिला आठवेना. तिने टेबलावर बोटं टेकवली, छताकडे बघितलं, ओठ हलवले. कचेरीतल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. आईने मात्र एकदाही बघितलं नाही. शेवटी ती म्हणाली, "मी अकरा वर्षं मुलांबरोबर गणित केलं." बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

तो शब्द मला येत होता. मी गप्प बसले.